कडीकाढ्याचा हात

आमच्या नाटक कंपनीतल्या नेपथ्यवाल्याला आईवडिलांनी ठेवलेलं एखादं नाव असणारच, पण कंपनीत ते कुणी कधी घेतलं नाही. सगळे त्यांना खिळेमामा म्हणत. त्यांच्या तोंडात सदा पाच-सहा खिळे असत. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातात फळी, तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणून खिळे ओठांत. खिळे तोंडात असले की बोलता येत नाही, आणि खिळे बहुतेक वेळ तोंडातच असत. नव्याने आलेल्या नट्यांना वाटे, माणूस शिष्ट आहे. मग एखाद्या दिवशी मामा ते खिळे तळहातावर काढून एकच वाक्य बोलत, पुन्हा ओठांत ठेवत, आणि ती नटी आठवडाभर ते वाक्य सगळ्यांना सांगत फिरे.

मला ते बाई म्हणत. मी कंपनीची मोठी नटी होते म्हणून नव्हे. सोळा वर्षांच्या पोरीलाही ते बाईच म्हणत. माझ्या आयुष्यातला पहिला मान प्रेक्षकांनी दिला नाही, मामांनी दिला.

मामा गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे, कारण एका शब्दाचा जन्म पाहिलेली आम्ही दोघंच उरलो होतो, आणि आता मी एकटी आहे.

तो शब्द म्हणजे कडीकाढ्या. आतून कडी काढून शत्रूला घरात घेणारा. ह्या मुलुखात शाळेतल्या पोरालाही त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. सभेत, वर्तमानपत्रात, भावाभावांच्या भांडणात, कुठेही तो फेकला जातो आणि लागतो. लोक समजतात शब्द चार-पाचशे वर्षांचा असावा, वेढ्याच्या काळातला. तसं काही नाही. तो एका रविवारी दुपारच्या प्रयोगात, तिसऱ्या अंकात जन्माला आला. सुईण मीच होते.

नाटक वेढ्याचं होतं. तटबंदीचं शहर, नदीपलीकडून आलेला शत्रू, अकरा दिवस. आमच्या कंपनीच्या मालकांनी ते स्वतः लिहिलं होतं, जुनी बखर समोर ठेवून. बखरीत होतं तसंच नाटकात होतं: अकराव्या दिवशी शत्रूने ओंडक्याने वेशीचं दार फोडलं. फितुरी नाही, कपट नाही. दार जुनं होतं आणि ओंडका मोठा होता. मी नगरप्रमुखाची विधवा, तलवार घेऊन दाराच्या आतल्या बाजूला उभी.

दार मामांचं. दोन उंच झडपा, त्यांवर कॅनव्हास, कॅनव्हासवर रंगवलेले लोखंडी पट्टे. मागून दोन्ही झडपांना जोडणारी एक पातळ कामटी. बाहेरून सहा सैनिक तीन धडका देत, तिसऱ्या धडकेला कामटी मोडे, दार धाडकन उघडे आणि मी माझं वाक्य म्हणे. प्रत्येक प्रयोगाला नवी कामटी. शिवाय दौऱ्यावर ट्रकमध्ये झडपा आपटून कॅनव्हास फाटू नये म्हणून मामांनी आतून एक लोखंडी कडी बसवली होती. प्रवासात ती लावायची, दार उभं राहिलं की काढायची.

त्या रविवारी ट्रकचं चाक वाटेत बसलं. आम्ही पोचलो तेव्हा प्रेक्षक येऊन बसले होते आणि टाळ्या वाजवून घाई करत होते. मामांनी अर्ध्या तासात अख्खा तट उभा केला, कामटी लावली आणि कडी काढायला विसरले.

तिसऱ्या धडकेला कामटी मोडल्याचा आवाज मला आला. दार हललं नाही. चौथी धडक झाली, पाचवी झाली. सहा सैनिकांतले दोघे आमचे स्वयंपाकी होते, त्यांना एवढ्या कष्टांची सवय नव्हती. झडपेच्या फटीतून शत्रूचा सेनापती मला हळूच म्हणाला, "बाई, काढा ना काहीतरी मार्ग." मी विधवा, हातात तलवार, मी कुठला मार्ग काढणार? सातव्या धडकेनंतर मागच्या रांगेतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "आज राहू द्या, उद्या या." हशा पिकला.

तेवढ्यात बुरुजाच्या कॅनव्हासच्या फटीतून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत दुमडलेली बाही, मनगटाला गुंडाळलेली सुतळी. त्याने चाचपत कडी शोधली, दोन बोटांनी उचलली, बाजूला सारली, आणि तो परत आत गेला. पाहुण्यांसाठी उघडावं तसं दार कुरकुरत उघडलं. आठव्या धडकेसाठी धावत आलेले सहा जण ओंडक्यासकट माझ्या पायांशी येऊन पडले.

चारशे माणसांनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. तो बाहेर पडला असता तर हसू होऊन पडला असता, आणि मग नाटक तिथेच संपलं असतं. माझं वाक्य मला आठवेना. मी तलवार त्या फटीकडे रोखली आणि पोटातून आवाज काढून विचारलं, "कोण तो? आतून कडी काढणारा कोण? कोण आहे तो कडीकाढ्या?"

कुणी हसलं नाही. मग पुढच्या रांगेत एक म्हातारी मोठ्याने रडू लागली. मग मागून एक चप्पल आली, बुरुजाला लागली, आणि कॅनव्हासमागून मामांचं "आई गं" मला स्पष्ट ऐकू आलं.

पडदा पडल्यावर मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तोंडात एकही खिळा नव्हता. "बाई, चुकलो," म्हणाले. इतक्यात मालक आले. आता मामांची धडगत नाही असं आम्हा दोघांनाही वाटलं.

मालक म्हणाले, "ठेवा."

"काय ठेवू?" मामांनी विचारलं.

"हात. उद्यापासून रोज. आणि बाई, तुम्ही तो शब्द."

"मालक, पण बखरीत असं नाही," मी म्हटलं.

"बखरीला आजपर्यंत कुणी चप्पल मारली का?"

दुसऱ्या दिवशी त्या हातासाठी हिरवी बाही शिवली गेली, शेवटच्या रांगेतूनही दिसावी म्हणून. शिवली मामींनी. मामी आमचा कपडेपट सांभाळत. त्या लग्न होऊन नदीपलीकडून इकडे आलेल्या, आणि काही शब्द शेवटपर्यंत तिकडच्या ढंगाने बोलत. त्या बाहीचं मोजमाप घेताना म्हणाल्या, "नवऱ्याला फितूर करणारी मी पहिलीच बायको असेन."

नऊ वर्षं तो हात रोज बाहेर येत होता. लोक त्याला शिव्या देत, कुणी उठून उभं राही, कुणी डोळे मिटून घेई. प्रयोग संपला की मामा तोच हात धुऊन प्रेक्षकांतून वाट काढत बाहेर चहा प्यायला जात आणि शेजारच्या बाकावर बसून त्या हरामखोराबद्दल लोक काय बोलतात ते ऐकत. "माझा हात प्रसिद्ध आहे, तोंड नाही," ते म्हणत. "नटांनी हेवा करावा असा संसार आहे माझा."

रंगमंचाबाहेर तो शब्द मी पहिल्यांदा भाजीबाजारात ऐकला. एक भाजीवाली समोरच्या भाजीवाल्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगत होती, "त्याच्याकडचे कांदे नदीपलीकडचे. कडीकाढ्या मेला." मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू? आपला शब्द बाजारात चालतो म्हणजे काय ते ज्याचा शब्द चालला त्यालाच कळतं. धावत येऊन मामांना सांगितलं. त्यांनी खिळे काढले. "बाई," ते म्हणाले, "इथे होता तोवर पडदा पडला की गप्प बसायचा. आता त्याला पडदा नाही."

मी हसले. मामांना प्रत्येक गोष्टीत चिंता, म्हणून सोडून दिलं.

मग बसवाल्यांचा संप झाला आणि एका वर्तमानपत्राने संपवाल्यांच्या फोटोखाली तो शब्द छापला. संपाचा नदीशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. शब्दाची गंमतच अशी होती की तो एकदा उच्चारला की शत्रू दाराशी आहे हे गृहीतच धरलं जाई. शत्रू खरंच आहे का, असला तर त्याला काय हवं आहे, दार मुळात बंद का आहे, हे प्रश्न मागे पडत. उरे एवढंच की आतला कोण आहे तो शोधा.

हे सगळ्यांत आधी ओळखलं ते भाऊंनी. भाऊ तेव्हा तरुण वकील होते, निवडणुकीला उभे. लहानपणी त्यांनी आमचं नाटक सहा वेळा पाहिलं होतं. समोरच्या उमेदवाराने नदीवर पूल बांधावा असा अर्ज सरकारकडे केला होता; बिचाऱ्याची मोठी बहीण पलीकडे दिलेली होती, तेवढंच. भाऊ माझ्याकडे आले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, सभेत फक्त ते एक वाक्य म्हणा. बाकी काही नको."

कंपनी तेव्हा बंद पडत आली होती. टाळ्या ऐकून मला दोन वर्षं झाली होती. मी गेले. तलवारीऐवजी हात उगारला आणि विचारलं, कोण आहे तो? मैदानातल्या दहा हजार लोकांनी त्या उमेदवाराचं नाव घेतलं. पुढे आणखी दोन सभांना गेले. तो उमेदवार हरला, शहर सोडून गेला. बारा वर्षांनी भाऊंनीच तो पूल बांधला, तेव्हा विरोधकांनी भाऊंना कडीकाढ्या म्हटलं, आणि त्यांच्याही सभेत म्हणायला कुणीतरी नटी उभी होती. माझ्यापेक्षा तरुण.

नंतर जुन्या वेशीच्या पडक्या भिंतीपाशी एक दगड उभा राहिला: इथे कडीकाढ्याने दार उघडलं. सहलीला आलेली मुलं त्या दगडावर खडे मारू लागली. मग शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद आला. पुस्तक लिहिणाऱ्यांनी आमचं नाटक पाहिलं असणार, कारण त्या परिच्छेदात फितुराची बाही हिरवी होती.

मामांची मुलगी त्याच पुस्तकातून इतिहास शिकवत होती.

ती विंगेत वाढलेली पोर. दुपट्यात असताना बुरुजाच्या मागे निजायची. मामी गेल्यावर बापलेक दोघंच, तळमजल्यावर मामांचं सुतारकाम, वर दोन खोल्या. पोरगी सडपातळ, सरळ, बोलण्यात बापासारखी मोजकी पण त्याच्याहून धारदार. एके दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, कडीकाढ्याचं नाव काय होतं?" हिने सांगितलं, "बखरीत असा माणूसच नाही. दार फुटलं होतं."

बस. बापाचं नाव तिने घेतलं नाही, नाटकाचं घेतलं नाही. बखरीत आहे ते सांगितलं.

तीन दिवसांनी घराच्या दारावर डांबराने तो शब्द लिहिलेला होता, आणि खाली: आई कुठली ते विचारा. मामांनी रंधा घेऊन दार सोललं. पुढच्या सोमवारी शाळेच्या मंडळाचं पत्र आलं. शनिवारी दुपारी चार वाजता बैठक, राष्ट्राचा अवमान केल्याबद्दल शिक्षिकेला सेवेतून काढण्याचा विचार.

गुरुवारी सकाळी मामा माझ्याकडे आले. चहा घेतला, कप खाली ठेवला. "शनिवारी तुम्ही यायचं. मी सांगेन काय ते. त्यांनी विचारलं तर तुम्ही हो म्हणा."

"सगळं सांगणार? कडी, कामटी, सगळं?"

"सगळं."

मला हायसं वाटलं. इतकी वर्षं माझ्या मनात जे खुपत होतं ते बाहेर पडणार होतं. खरी हकीकत एकदा चार लोकांत सांगितली की त्या शब्दातली हवाच निघून जाईल, असं मला वाटत होतं. दोन दिवस मी भाषण तयार केलं. आरशासमोर उभी राहून म्हणूनही पाहिलं. मी उठणार होते आणि म्हणणार होते की हा शब्द माझा आहे, मी तो परत घेते.

बैठक चित्रकलेच्या वर्गात होती. मोठ्या माणसांनी लहान मुलांच्या बाकांवर बसायचं म्हणजे गुडघे छातीला लागतात. सगळ्यांचे लागले होते. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. भाऊ सदस्य नव्हते, पण आले होते, आणि त्यांच्यासाठी खुर्ची आणलेली होती. मुख्याध्यापिका खिडकीपाशी, खाली मान घालून.

मामांच्या मुलीने बखरीच्या पानांच्या प्रती वाटल्या. न अडखळता वाचून दाखवलं: अकराव्या दिवशी, सूर्य कलताना, ओंडक्याच्या माराने दार पडलं. डॉक्टरांनी कागद उलटसुलट केला. "हे जुनं लिखाण कोण वाचतो? आमच्या आजोबांपासून लोकांना माहीत आहे काय झालं ते."

"तुमच्या आजोबांच्या वेळी हे कुणाला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"पाहा, आता आजोबांवर आली."

भाऊ मवाळपणे म्हणाले, "बाळ, इतिहास वेगळा आणि श्रद्धा वेगळी. चुकलं म्हण, विषय संपला."

"चुकलेलं नाही, तर चुकलं कसं म्हणू?"

ह्यावर खोलीत जी शांतता पडली ती मी ओळखते. प्रेक्षक मत बनवून मोकळे झाले की तशी पडते. डॉक्टरांनी लेखणीचं टोपण काढलं.

तेव्हा मामा बाकातून उठले. उठायला वेळ लागला, बाक लहान होता. "दार मी उघडलं," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. मामांनी सगळं सांगितलं. ट्रकचं चाक, कामटी, स्वयंपाकी, "उद्या या" म्हणणारा माणूस. मग वर्गाच्या दाराशी गेले, कडी लावली, आणि पाठमोरे उभे राहून, न बघता, दोन बोटांनी ती उचलून बाजूला सारली. दार उघडलं. बाहेर शिपाई कान लावून उभा होता, तो दचकून मागे सरला. भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सहा वेळा नाटक पाहिलेला माणूस. त्यांनी तो हात ओळखला.

"बाई, हे खरं आहे?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं. आता माझी वेळ आली होती. मी उठणार, तोच मामांनी माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं. विंगेतून ते असंच करत. अर्थ एकच असे: थांबा, अजून नाही. चाळीस वर्षांची सवय. मी बसले.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुमच्या चुकीपायी अख्ख्या राष्ट्राच्या गळ्यात खोटी गोष्ट बांधलीत तुम्ही?"

"हो साहेब," मामा म्हणाले. "आणि घरी ह्या पोरीला लहानपणापासून तेच सांगितलं, हात माझा, हात माझा. तिला वाटलं सगळंच नाटक. तिचा काय दोष? जे काय आहे ते ह्या हाताचं. तिला वर्गात राहू द्या."

"बाबा," मुलगी म्हणाली. "मी तुमच्यावरून नाही सांगितलं. मी बखर वाचून सांगितलं."

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

भाऊ हुशार. त्यांना एका क्षणात सगळं दिसलं: शिक्षिकेला काढलं तर वर्तमानपत्रं येणार, बखर छापली जाणार, दगडाचा प्रश्न निघणार. आणि समोर एक म्हातारा स्वतःहून हात पुढे करून उभा आहे. ते हसून म्हणाले, "म्हणजे खरे कडीकाढ्या तुम्हीच म्हणायचे."

"मीच," मामांनी हात जोडले.

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. डॉक्टरांनी लिहिलं: वडिलांच्या सांगण्यावरून गैरसमज, शिक्षिकेला समज देण्यात आली, पाठ पुस्तकाप्रमाणे शिकवावा. चहा आला. माझं भाषण माझ्याजवळच राहिलं.

घरी जाताना मुलगी आमच्या पुढे वीस पावलं चालत होती. कामाच्या खोलीत शिरल्यावर ती वळली.

"मी खरं बोलले होते. तुम्ही ते बापाच्या बढाया करून टाकलंत."

"नोकरी राहिली."

"नोकरीसाठी उभी नव्हते मी."

"मला माहीत आहे."

"मग का केलंत?"

मामा बाकड्यावर बसले. "बयो, हे असलं ओझं अधांतरी राहत नाही. एका खांबावरून काढलं तर दुसरा द्यावा लागतो. तुझ्यावर अजून दोन मजले चढायचे आहेत. माझं काय, कौलं उतरवायचीच वेळ आली."

"आणि उद्या पुन्हा कुणी मला विचारलं, तर मी काय सांगायचं? पुस्तकाप्रमाणे?"

ती वर गेली. जिन्याचं दार तिने हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. मला आता कुठे समजत होतं. मी समजत होते मामा त्या शब्दाला खोटं पाडायला गेले. ते त्याला जागा द्यायला गेले होते. असल्या शब्दाने माणूस मागितला की तो घेतल्याशिवाय जात नाही, हे त्यांनी नऊ वर्षं फटीतून पाहिलं होतं. मी पुढून टाळ्या ऐकत होते.

"मला बोलू का नाही दिलंत?" मी विचारलं.

"तुम्ही छान बोलला असतात," मामा म्हणाले. "लोकांना ते आवडलं असतं. मग त्यांना तो शब्द आणखी आवडला असता."

पुढच्याच महिन्यात भाऊंनी सभेत किस्सा सांगितला: आपल्याच शहरात, रंगमंचामागे दडलेला कडीकाढ्या. मी घरी बसून रेडिओवर ऐकलं. मामांच्या खिडकीची काच फुटली. लाकडाच्या वखारीत त्यांना थांबवून ठेवू लागले, आधी बाकीच्यांना माल. रस्त्यात पोरं ओरडत, "कडीकाढ्या," आणि मामा वळून विचारत, "कुणाचं काय अडकलंय?" पोरं पळ काढत. पण एकदा मी त्यांच्यासोबत होते तेव्हा एका चांगल्या कपड्यांतल्या माणसाने तोच शब्द अगदी जवळ येऊन, हळू आवाजात म्हटला, तेव्हा मामांनी काही विचारलं नाही. घरी येईपर्यंत ते माझ्या दंडाला धरून चालत होते.

मुलगी आठ महिने त्यांच्याशी कामापुरतं बोलली. जेवण झाकून ठेवलं आहे. औषध संपलं आहे. मी मधे पडून पाहिलं. दोघांनीही मला नटी समजून सोडून दिलं.

मग नवीन वर्ष सुरू झालं आणि तोच पाठ पुन्हा आला. एका रविवारी सकाळी मी मामांकडे बसले होते. ते कुणाच्या तरी कपाटाला बिजागऱ्या लावत होते, खिळे तोंडात. दारात पाच मुली येऊन उभ्या राहिल्या. शाळेतल्या, बारा-तेरा वर्षांच्या. हातात वह्या.

"कडीकाढ्या इथेच राहतात का?" एकीने विचारलं. दुसरीने तिला कोपर मारलं. "आजोबा म्हण."

मामांनी खिळे काढले. "कुणी पाठवलं?"

"मॅडमनी. त्यांनी पाठ वाचला, पुस्तकाप्रमाणे. मग ही म्हणाली की त्या माणसाने असं का केलं. तर मॅडम म्हणाल्या, तो माणूस जिवंत आहे, पत्ता घ्या, जाऊन विचारा. आणि बखरीत काय आहे ते वाचनालयात आहे, तेही बघा. मग दोन्ही लिहून आणा."

वर जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी उभं असल्याचं मला जाणवलं. मामांनाही जाणवलं असावं, कारण त्यांनी एकदा वर पाहिलं. पुस्तकाप्रमाणे शिकवलं, ह्यात मंडळ काय बोट ठेवणार? बापाने अंगावर घेतलेलं ओझं तिने फुकट जाऊ दिलं नव्हतं. त्याच्यावरच उभी राहून तिने मुलींना बापाकडे पाठवलं होतं.

"बसा," मामा म्हणाले. बसायला काही नव्हतं, मुली लाकडाच्या भुशातच मांडी घालून बसल्या.

"तर तुम्ही दार का उघडलंत?" वही उघडून त्या पहिलीने विचारलं.

मामांनी हातातले खिळे बाकड्यावर ठेवले. मला वाटलं ट्रकपासून सुरू करतील. "बाहेर सहा माणसं होती," ते म्हणाले. "आमच्याच कंपनीतली. त्यांचे हात सोलले होते. आत ह्या बाई होत्या, त्यांना वाक्य म्हणायचं होतं. आणि दार बंद होतं ते माझ्या विसराळूपणामुळे."

"म्हणजे शत्रू नव्हते?"

"शत्रूचे कपडे होते."

मुलीने ते लिहिलं. मग पेन्सिल थांबवून तिने संशयाने त्यांच्याकडे पाहिलं. "पण माझे बाबा म्हणतात, तुम्ही हे सगळं रचून सांगता."

"असेल," मामा म्हणाले. "म्हणून तर वाचनालयातही जायचं. आणि ह्या बाईंनाही विचारा, त्या तिथे होत्या. पण त्यांचंही लगेच खरं धरू नका, त्या नाटकातल्या आहेत."

पाचही मुली माझ्याकडे वळल्या, वह्यांचं पान उलटून.